एकाच आशयाच्या हरकती

वसंताबाई राव निवृत्त झाल्या त्याला वर्ष होत आलं होतं, पण ही बातमी त्यांच्या पायांपर्यंत पोचली नव्हती. सकाळचे साडेआठ वाजले की पाय चपला शोधायला लागायचे. जायचं कुठेच नसायचं. मग चेन्नईच्या अण्णा नगरातल्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये बाई या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत येरझारा घालायच्या, कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायच्या, आणि नवरा राघोत्तम पेपर वाचत बसला असला तर त्याच्या हातातून मधलं पान ओढून घ्यायच्या. मधलं पान म्हणजे सरकारी नोटिसांचं. शेजारपाजारच्या बायका टीव्हीवरच्या मालिका जितक्या मन लावून बघत, तितक्या मन लावून बाई नोटिसा वाचत.

यात नवल काही नाही. एकतीस वर्षं त्यांनी एका सरकारी खात्यात काढली होती, त्यातली शेवटची एकोणीस हरकतींच्या टेबलावर. सरकारला नवा नियम करायचा असला की आधी त्याचा मसुदा छापायचा, खाली 'हरकती व सूचना साठ दिवसांत पाठवाव्यात' असं लिहायचं, आणि ज्या काही हरकती येतील त्या सगळ्या वसंताबाईंकडे. पाकीट फोडायचं, शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा आणि मग छाननी. छाननी म्हणजे सारख्या दिसणाऱ्या हरकती एका दोरीत बांधायच्या, सगळ्यात वरचीचा चार ओळींत सारांश लिहायचा, आणि बाकीच्यांवर शेरा मारायचा : एकाच आशयाच्या. साहेब फक्त वरची वाचत. टपालातून तीनशे हरकती आल्या तरी दोन दिवसांत बाई त्यांच्या सात करून देत. त्यांच्यासारखी छाननी कुणाला जमत नाही असं तीन साहेब लागोपाठ म्हणून गेले, आणि बाईंना ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोला?

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्या तिरुवळ्ळूरकडे एका लग्नाला निघाल्या होत्या. बस एका रुंद, कोऱ्या करकरीत रस्त्यावर थांबली. बाईंनी पाटीवरचं गावाचं नाव वाचलं आणि ते ओळखलं. या गावातून एक पोस्टकार्ड आलं होतं. त्यावर कुणीतरी पेन्सिलीने विहीर काढली होती, रहाट आणि घडा सगळं नीट, आणि खाली लिहिलं होतं, 'ही आमची विहीर. तुमचा रस्ता हिच्यावरून जातो.' बाईंनी ते कार्ड बासष्ट हरकतींच्या गठ्ठ्यात बांधलं होतं. रस्त्याला विरोध, एकाच आशयाच्या. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून दोन्ही बाजूंना बघितलं. विहीर कुठेच नव्हती. लग्नात त्या जेवल्या, पण काय जेवल्या ते त्यांना सांगता आलं नसतं. त्या दिवसापासून त्यांचं मन एका जागी म्हणून थारलं नाही, आणि कारण त्यांनी राघोत्तमलासुद्धा सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर, दोन हजार आठ साली, किनाऱ्याबद्दलची एक नोटीस त्यांनी अशीच उभ्याउभ्या वाचली. किनाऱ्यालगतच्या जमिनी कोणी कशा वापरायच्या याचे नवे नियम होणार होते. सोबत गावांची यादी होती आणि नकाशा. नकाशात चेन्नईजवळच्या कोवलम या कोळ्यांच्या गावाची समुद्राकाठची वाळू 'रिकामी जागा' म्हणून दाखवली होती, आणि रिकाम्या जागा पर्यटनाला द्यायच्या असं मसुद्यात म्हटलं होतं. शेवटी मात्र एक नवीनच ओळ होती : हरकती या वेळी संकेतस्थळावरही घेतल्या जातील, आणि आलेली प्रत्येक हरकत तिथे कोणालाही वाचता येईल.

कोणालाही! बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. दोरी नाही, गठ्ठा नाही.

"कोठें जाऊंलालीस आता?" राघोत्तमने विचारलं. तंजावरच्या मराठी घराण्यांची ही बोली. तीनशे वर्षांत तिच्यात तमिळ इतकं मुरलं आहे की पुण्याचा माणूस ऐकून आधी हसतो आणि मग विचारात पडतो.

"हेमलताकडे," बाई म्हणाल्या आणि जिना उतरूनही गेल्या.

हेमलता मूळची सोलापूरची. नवऱ्याच्या बदलीने चेन्नईला आली आणि घरी बसवेना म्हणून कोपऱ्यावर ब्राऊजिंग सेंटर काढून बसली. चार कॉम्प्युटर, एक पंखा, दारात तुळस. तिने संकेतस्थळ उघडून दिलं. नाव, गाव, हरकत असे तीन रकाने होते, आणि खाली एक बटण. बाईंनी नमुन्यादाखल एक ओळीची सूचना लिहून बटण दाबलं, आणि पडद्यावर लगेच क्रमांक आला.

"पोच! बसल्याजागीं!" बाई खुर्चीतून उठल्याच. "आमच्या वेळीं पोचेला तीन आठवडे लागत होते गे."

"मावशी, बसा, वायर पायात येतेय," हेमलता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाई कोवलमच्या बसमध्ये होत्या. तिथे त्यांचं कोणी नव्हतं. जन्मात मासा न खाल्लेली बाई, पदर नाकाला लावून वाळूत उतरली, हातात शॉर्टहँडची वही. हे दृश्य ज्यांनी बघितलं त्यांना हसू आलं असेल तर त्यांचा दोष नाही.

पडक्या भिंतीपासून सुरूच्या झाडांपर्यंत वाळूवर जाळी अंथरली होती आणि त्यावर बोटभर लांबीची मासळी सुकत होती. पन्नाशीची एक बाई काठीने कावळे हाकत बसली होती. तिचं नाव अंजलै. तिच्या दोन्ही बाजूंना दोन म्हाताऱ्या होत्या, तिघीही विधवा. अंजलैने वहीकडे बघूनच तोंड फिरवलं. त्सुनामीनंतर या गावाला वही घेऊन येणाऱ्यांचा वीट आला होता.

"कुठल्या संस्थेची?" तिने तमिळमध्ये विचारलं.

"कुठलीच नाही. सरकारी नोकरी करत होते. आता सुटले."

"मग कशाला आलीस?"

याचं खरं उत्तर त्या पोस्टकार्डापाशी जात होतं. बाईंनी ते दिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विहिरीची गोष्ट कोणाला सांगितली, तीही एका अनोळखी कोळणीला, मासळीच्या वासात, उभ्याने. अंजलैने सगळं ऐकून घेतलं आणि बाजूची टोपली सरकवून जागा केली. "बस. लिहून घे," ती म्हणाली.

पुढचे पाच आठवडे बाई दर मंगळवारी आणि शनिवारी कोवलमला गेल्या. तिरुवान्मियूरला बस बदलायची, दोन तास जायला, दोन तास यायला. लोक बोलायचे आणि त्या तमिळ शॉर्टहँडमध्ये शब्दन् शब्द उतरवायच्या. कोणी सांगितलं, होड्या कुठे ओढतात आणि आषाढी वाऱ्यात कुठे. कोणी जाळी शिवायची सावली दाखवली. एकाने दफनाला जायची पायवाट पावलं टाकत मोजून दाखवली. असे शहाण्णव जण झाले. त्या दोन म्हाताऱ्यांनी मात्र आपली वेगळी हरकत दिली नाही. "अंजलैने सांगितलं तेच आमचं," म्हणाल्या.

आता खरं काम उरलं होतं, आणि इथेच बाईंची एकतीस वर्षं आडवी आली. शहाण्णव जणांचं बोलणं हेमलताच्या टेबलावर समोर होतं. कोणी मध्येच जावयाबद्दल बोललेलं, कोणी शिवी दिलेली, कोणी देवाला साक्षीला बोलावलेलं. हे सरकारकडे कसं पाठवायचं? बाईंनी पेन काढलं आणि एक मसुदा केला, उत्तम इंग्रजीत. 'खाली नमूद अर्जदार हा सदर जागेचा परंपरागत वापरकर्ता असून...' अशी सुरुवात, 'कृपावंत होऊन विचार व्हावा' असा शेवट, मध्ये कायद्याची दोन कलमं. एवढा देखणा मसुदा त्यांच्या टेबलावर एकोणीस वर्षांत आला नव्हता.

"पण मावशी, ते लोक असं बोललेच नाहीत ना," हेमलता म्हणाली. "बोलले तसंच टाकू या की."

"तुला काय कळतं गे? सरकाराला ऐसं लिहिलं तर कोण पाहतंय? नीट लिहायला होणें."

हेमलताने खांदे उडवले आणि नावं बदलत तोच मजकूर शहाण्णव वेळा भरला. शहाण्णव क्रमांक आले. बाईंनी ते कागदावर उतरवले, कागदाची घडी पर्समध्ये ठेवली, आणि त्या दुपारी कितीतरी दिवसांनी त्यांना झोप लागली.

मुदत संपायची होती शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता. त्याच आठवड्यातल्या सोमवारी बाई सहज म्हणून सेंटरवर गेल्या. आपल्या हरकती लोकांना कशा दिसतात ते डोळे भरून बघायचं होतं. हेमलताने यादी उघडली. कोवलमपुढे एकच ओळ होती. हरकत क्रमांक एक्केचाळीस : परंपरागत वापर. त्याखाली बारीक अक्षरात : एकाच आशयाच्या, शहाण्णव.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओळ तीच. कुठल्यातरी कचेरीत त्यांच्या जागेवर आता जी कोणी बसली होती, तिने तिचं काम चोख केलं होतं. दोरी नव्हती, पण गठ्ठा बांधला गेला होता, आणि बांधायला इतका सोपा गठ्ठा तिला दुसरा मिळाला नसता. वाचणाऱ्याला आता कोवलममध्ये एक माणूस दिसणार होता. होड्या, सावली, दफनाची वाट यांतलं काहीच दिसणार नव्हतं.

"मीच केलें," बाई म्हणाल्या. "माझ्याच हातानें केलें गे." आणि त्या सेंटरमध्ये चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे अशा चालायला लागल्या. शेवटी हेमलताने त्यांना धरून बसवलं.

मंगळवारी कोवलमला जाताना बसमध्ये त्यांना दोनदा वाटलं की उतरून परत जावं. कोण विचारणार होतं? पण गेल्या. अंजलैपुढे उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या नावाने तू काय लिहिलंस ते तरी वाच," अंजलै म्हणाली.

बाईंनी आपला मसुदा तमिळमध्ये करून वाचला. परंपरागत वापरकर्ता, कृपावंत होऊन, वगैरे. एव्हाना दहा-पंधरा माणसं जमली होती.

"ही कोण?" अंजलैने विचारलं. "मी हिला ओळखत नाही."

कोणीतरी हसलं. बाईंना त्या हसण्याने रडू आलं, आणि ते लपवायला त्यांनी पर्समधून शॉर्टहँडची वही काढली. त्या तिरक्या रेघा, टिंबं, आकडे. त्यांनी पहिलं पान लावलं आणि जसं बोललं गेलं होतं तसं वाचत गेल्या. सावलीवाला आपलेच शब्द ऐकून "हां, हां" करायला लागला. ज्याने शिवी दिली होती त्याची शिवीसुद्धा आली, आणि सगळे खो खो हसले. अंजलैचं आलं तेव्हा तिने फक्त मान हलवली.

"हेच का नाही पाठवलंस?"

बाईंनी वही मिटली. नवी अडचण त्यांनी सांगितली ती अशी : एका माणसाला एकच हरकत. वेगळी भरायची तर आधी पहिली मागे घ्यायला हवी. मागे घेतली आणि शुक्रवारी पाचच्या आत नवी गेली नाही, तर त्या माणसाचं काहीच उरणार नाही. निदान आता गठ्ठ्यात का होईना, नाव आहे.

लोक आपसात बोलले. अंजलै म्हणाली, "त्या गठ्ठ्यात मी नाहीच. काढ." संध्याकाळपर्यंत बाकीच्यांनीही तेच सांगितलं.

बुधवारी सकाळी नऊला बाई सेंटरच्या दारात उभ्या, हेमलता कुलूप उघडायच्या आधी. तमिळ अक्षरं भरून बघितली तर पडद्यावर नुसते चौकोन उमटले. मग साध्या इंग्रजीत भरायचं ठरलं. बाई वहीतून वाचून सांगायच्या, हेमलता टाइप करायची. जुनी मागे घ्यायची, नवी भरायची, क्रमांक लिहायचा, पुढची. सुंदर करायला वेळच नव्हता, आणि म्हणूनच ते झालं. जावई आला, देव आला, आषाढी वारा आला. शिवी तेवढी गाळली. राघोत्तम दुपारी डब्यातून दहीभात आणून द्यायचा आणि बायको उभ्याने खाते हे बघून रिकामा डबा घेऊन निघून जायचा. शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता पंचाण्णव झाल्या होत्या.

राहिली एक, अंजलैची. ती बाईंनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिने टोपली सरकवून जागा दिली होती, तिचं तरी जरा नीट व्हावं. हेमलताने जुनी मागे घेतली आणि म्हणाली, "सांगा मावशी."

"थांब. ही मी बसतें." बाई स्वतः कॉम्प्युटरसमोर बसल्या. चार ओळी लिहिल्या, खोडल्या. अंजलैचं बोलणं फारच थोडं होतं. इतक्या थोड्याने कोणाचं मन वळेल? भिंत त्सुनामीत पडली, हे त्यात घालायला हवं. त्या दोन म्हाताऱ्याही घालायला हव्यात. पहिलं वाक्य जोरकस हवं. मग त्यांना दुसरं वाक्य पहिल्या जागी बरं वाटलं. पंखा फिरत होता, हेमलता दारात कोणाशी बोलत होती, आणि बाईंना बऱ्याच वर्षांनी लिहिण्यात रंग चढला होता.

"मावशी, पाच मिनिटं राहिली."

"हो हो, झालं." 'अत्यंत' हा शब्द काढला. पुन्हा घातला. मग बटण दाबलं.

पडदा क्षणभर पांढरा झाला आणि त्यावर एक वाक्य आलं. हरकती स्वीकारण्याची मुदत संपली आहे. बाईंनी पुन्हा दाबलं, आणि पुन्हा. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून एक मिनिट झालं होतं. हेमलता मागे येऊन उभी राहिली होती. 

त्याच संध्याकाळी बाईंनी खात्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. त्यांना ठाऊक होतं, मुदतीनंतर आलेलं पत्र कुठल्या कपाटात जातं. ते कपाट त्यांनीच लावलेलं होतं. कोवलमला जायचं त्या रोज ठरवायच्या आणि रोज तिरुवान्मियूरहून परत यायच्या. राघोत्तम म्हणायचा, "सांगून तरी टाक गे एकदां," आणि त्या उठून खिडकीशी जायच्या.

चार महिन्यांनी अंतिम नियम निघाला. हेमलताने तो छापून घरी आणून दिला, धावतच. कोवलमची वाळू आता रिकामी नव्हती. पाच पट्टे 'वापरातील जागा' म्हणून दाखवले होते, आणि प्रत्येकापुढे कारण होतं, हरकतींच्या क्रमांकासकट. होड्या ओढायची जागा होती, आषाढातली वेगळी. जाळी शिवायची सावली होती. दफनाची वाट पावलांसकट होती. कोणीतरी वाचलं होतं! एकोणीस वर्षांत बाईंनी असा कागद बघितला नव्हता. त्यांनी बोट फिरवत फिरवत खाली नेलं. पडक्या भिंतीपासून सुरूच्या झाडांपर्यंत : रिकामी जागा. या भागाबाबत एकही हरकत प्राप्त नाही.

या वेळी त्या तिरुवान्मियूरला बस बदलून थेट कोवलमला उतरल्या. गावात आनंद होता. सावलीवाल्याने हाक मारली, चहा घ्यायला बोलावलं. बाई थांबल्या नाहीत. अंजलै तिथेच बसली होती, काठी घेऊन, एका बाजूला एक म्हातारी. दुसरी पावसाळ्यात वारली होती.

"तुझी गेलीच नाही," बाई म्हणाल्या. "सगळ्यांची गेली, तुझी राहिली. ही एवढी वाळू सोडून बाकी सगळं वाचलं."

अंजलैने कावळा हाकला.  "मशीन बंद पडलं?" तिने विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. "नाही," बाई म्हणाल्या. "मी नीट करत बसले होते."

अंजलैने काठी खाली ठेवली. "मी सांगितलं होतं ते आहे का तुझ्याकडे अजून?"

बाईंनी वही काढली. पान शोधावं लागलं नाही, ते आपोआप उघडत होतं. त्यांनी वाचलं, "ही जागा रिकामी नाही. इथे माझी सासू बसायची. आता मी बसते."

"एवढंच होतं की," अंजलै म्हणाली. "यात नीट काय करायचं होतं?"